रिप्रेझेंट आणि री-प्रेझेंट: मधली आडवी रेघ खाऊ नका

रिप्रेझेंट म्हणजे प्रतिनिधित्व करणं. वकील अशिलाचं करतो, खेळाडू राज्याचं करतो. हे सगळ्यांना येतं, पुढे जाऊ.

घोळ होतो चेक परत आल्यावर. बँकेच्या रिटर्न मेमोवर 'इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड, प्रेझेंट अगेन' असा शेरा येतो. म्हणजे चेक देणाऱ्याच्या खात्यात भरलेले पैसे अजून वटायचे आहेत, चेक पुन्हा लावा. हे पुन्हा लावणं म्हणजे री-प्रेझेंट. चेक देणाऱ्याला पाठवायच्या कायदेशीर नोटिशीत मात्र बिनदिक्कत 'द चेक वॉज रिप्रेझेंटेड' टाइप होतं. चेकचं प्रतिनिधित्व कोणी केलं म्हणे?

संदर्भाने कळतं, असं म्हणून सोडून देऊ नका. क्रियापद एक वेळ कळेल, नाम दगा देतं. रिप्रेझेंटेशन म्हणजे निवेदनही. 'आफ्टर रिप्रेझेंटेशन ऑन 10 जून' म्हणजे त्या दिवशी चेक दुसऱ्यांदा लावला, की निवेदन दिलं? कलम 138 च्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधलं, चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम) नोटिशीत इथेच गाडं अडतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते. चेकची मुदत (तारखेपासून 3 महिने) आहे तोवर तो पुन्हा लावता येतो आणि त्या परतीवरूनही कारवाई करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून कोणत्या खेपेच्या परतीवरून दिवस मोजलेत, ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसायला हवं.

उच्चारही वेगळा. पहिला 'रेप्रिझेंट', जोर शेवटी. दुसऱ्यात 'री' लांबवून, सुटा म्हणायचा.

रेघ दिली तरी एक फट राहते. 're-' ओळीच्या शेवटी आलं, तर ती रेघ शब्द तोडल्याची वाटते. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबा, शब्द तुटत नाही.

आणि 'री-प्रेझेंटेड अगेन' तर डोक्यातच जातं. शब्दशः धरलं तर चेक तिसऱ्यांदा लावला! खरं तर नोटिशीत मी री-प्रेझेंट वापरूच नये म्हणेन. सरळ 'प्रेझेंटेड अगेन ऑन' लिहून तारीख टाका, पुढे 'रिटर्न्ड ऑन' आणि मेमोची तारीख.