प्रकाशाचा धप्पा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत मुलांसाठी लेझर टॅगचा, म्हणजे प्रकाशाच्या बंदुकीनं एकमेकांच्या जाकिटावर नेम मारायच्या खेळाचा, संच आला. चार बंदुका, चार जाकिटं, लाल-निळे-हिरवे-पांढरे दिवे. पहिल्याच दुपारी भांडण जुंपलं. "मी मारलं!" "लागलंच नाही!" गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. संध्याकाळी तीच मुलं, त्याच बंदुका, तेच पार्किंग, आणि आता प्रत्येक नेम बिनबोभाट लागत होता. दुपारी बंदूक बिघडली होती आणि संध्याकाळी आपोआप सुधारली, असं तर होणार नाही.

उत्तराची सुरुवात नावापासून करावी लागते. या लेझर टॅगच्या बंदुकीतून समोरच्याला बाद करायला लेझर निघतच नाही. लेझरचा झोत फार बारीक असतो. पाच-दहा मीटरवर त्याचा ठिपका जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि जाकिटावरचा सेन्सर हरभऱ्याएवढा. धावत्या पोराच्या अंगावरच्या हरभऱ्यावर मिलिमीटरभर ठिपका नेमका बसवायचा, तर खेळ कधी रंगायचाच नाही. शिवाय लेझर डोळ्यांत गेला तर इजा होऊ शकते. म्हणून बंदुकीच्या नळीत बसवलेला असतो अवरक्त किरण देणारा एलईडी, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर. आपली नजर ७०० नॅनोमीटरच्या आसपास थकते, त्यामुळे हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. काही बंदुकांतून लाल ठिपका पडतो, तो फक्त नेम धरायला. मोठ्या केंद्रांमध्ये धुरातून दिसणाऱ्या झोताचंही बहुधा तेच: दिसतो लेझर, गुण मोजला जातो अवरक्त किरणांवर.

आता या खेळण्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ही बंदूक मारत नाही, सांगते. खटका दाबला की ती प्रकाशाच्या उघडझापीतून एक छोटासा निरोप पाठवते. हौशी लोक स्वतः अशा बंदुका बनवतात, त्यांच्यात 'माइल्सटॅग' नावाची एक खुली सांकेतिक पद्धत चालते. तिच्यात आधी २.४ मिलिसेकंदांची एक लांब चमक येते, म्हणजे 'लक्ष द्या'. मग १४ बिट, म्हणजे ० किंवा १ असे चौदा आकडे. १.२ मिलिसेकंदांची चमक म्हणजे १, त्याच्या निम्मी म्हणजे ०. पहिला बिट शून्यच; तो सांगतो की ही गोळी आहे. पुढच्या सात बिटांत खेळाडूचा क्रमांक, दोनांत संघ, शेवटच्या चारांत गोळीचा जोर. सात बिटांत १२८ खेळाडू मावतात, चार बिटांत जोराच्या १६ पायऱ्या. आणि दोन बिटांत संघ बसतात चारच. रंगांची संख्या इतक्या वेळा चारच का दिसते, याचं एक सरळ उत्तर इथे असावं. हा सगळा निरोप २८ मिलिसेकंदांच्या आत संपतो, म्हणजे पापणी लवायच्याही आधी.

पुढचं सगळं ठरवतं ते समोरचं जाकीट. निरोप आपल्याच संघाच्या बंदुकीचा असेल तर बहुतेक खेळांत ते दुर्लक्ष करतं. शत्रूचा असेल तर जोराच्या हिशेबानं आयुष्याचे गुण वजा करतं, आतली छोटी मोटर थरथरते, दिवे लुकलुकतात, आणि गुण संपले की थोडा वेळ तुमची बंदूक मुकी होते. बहुतेक घरगुती संचांत मारणाऱ्याच्या बंदुकीला आपला नेम लागला की नाही हे कळतही नाही, कारण तिच्याकडे परत काहीच येत नाही. हा लपाछपीतल्या धप्प्यासारखाच व्यवहार आहे: ज्याला बसला त्यानं कबूल करायचा. सेन्सरवर तळहात ठेवणारा हा करार मोडतो, एवढंच. आणि दोघांनी एकाच क्षणी एकावर नेम धरला, तर दोन निरोप एकमेकांत कालवले जातात आणि बहुधा कोणाचाच मोजला जात नाही. "मी मारलं" आणि "लागलंच नाही" ही दोन्ही खरी असू शकतात ती अशी.

पण दुपारचं काय? जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास वाटा अवरक्त किरणांचा असतो. त्या पुरात चिमुकल्या एलईडीचा आवाज ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक चमक सलग नसते. ती सेकंदाला ३८ ते ५६ हजार वेळा थरथरत असते; कुठला आकडा, ते संचावर अवलंबून. ३८ हजार धरले तर एक थरथर सुमारे २६ मायक्रोसेकंदांची. सेन्सरमधलं गाळणीसारखं परिपथ फक्त तोच ठेका पुढे जाऊ देतं. जत्रेच्या गोंगाटात आपल्या गावच्या हलगीचा ठेका कानाला नेमका कळावा, तसं. ऊन सलग असतं, त्याला ठेका नाही, म्हणून ते गाळलं जातं.

गाळलं जातं, पण फुकट नाही. ऊन सेन्सरच्या आतल्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाशाची वीज करणाऱ्या भागावर, पडतच असतं आणि त्यातून विजेचा खरखराट वाढतो. तो वाढला की सेन्सर आपली संवेदनशीलता कमी करून घेतो, नाहीतर त्याला भलतेच निरोप ऐकू येऊ लागतील. परिणाम एकच: पल्ला घटतो. आमच्या मुलांना मी सावलीत खेळायला सांगितलं आणि दुपारची निम्मी भांडणं मिटली.

उरलेली निम्मी पेन्सिल सेलची होती. एलईडी क्षणभरच पेटतो म्हणून त्याला एरवी सोसणार नाही इतका मोठा प्रवाह त्या क्षणापुरता देता येतो. सेल एकदम तेवढा प्रवाह देत नाहीत, म्हणून शेजारचा कपॅसिटर तो साठवून ठेवतो आणि झटक्यात ओततो. सेल उतरू लागले की दिवे लागतात, आवाजही येतो, पल्ला मात्र गुपचूप आखडतो. मुलांना वाटतं समोरचा लबाडी करतोय.

नळीच्या तोंडाशी एक बहिर्वक्र भिंग असतं, आणि बंदुकीचा सगळा स्वभाव त्यावर ठरतो. नुसता एलईडी २० अंशांचा कोन व्यापत असेल तर १० मीटरवर साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा उजळतो. एवढ्यात कुणालाही, कसाही नेम लागेल. तोच एलईडी भिंगाच्या नाभीजवळ, म्हणजे भिंग ऊन जिथे एका ठिपक्यात गोळा करतं तिथे, ठेवला की झोत आवळतो. समजा दिव्याचं तोंड ५ मिलिमीटर आणि नाभीय अंतर २०० मिलिमीटर, तर ४० मीटरवर झोत सुमारे एक मीटर रुंद, म्हणजे माणसाच्या छातीच्या साधारण दुप्पट. आणि पळत्या खेळाडूच्या पुढे नेम धरायची गरजच नाही, कारण प्रकाशाला १० मीटर जायला लागतात फक्त ३३ नॅनोसेकंद.

या खेळाची मुळं अमेरिकेतल्या डॅलसमध्ये दोनदा सापडतात. १९६१ मध्ये तिथल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जेम्स बायर्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातून अवरक्त प्रकाश निघताना आढळला; अवरक्त एलईडीची सुरुवात ती. आणि १९८४ मध्ये त्याच डॅलसमध्ये जॉर्ज कार्टर यांनी 'फोटॉन' हे खेळाचं केंद्र उघडलं. त्याआधी अमेरिकन लष्कराची 'माइल्स' नावाची सराव यंत्रणा आली होती. तिच्यात मात्र खरोखर लेझर होता, कारण तिथे नेम शेकडो मीटरवरचा धरायचा असतो. मुलांच्या हातात घरगुती संच गाजला तो १९८६ मध्ये.

आमच्या मुलांची एक तक्रार राहिलीच होती. जास्वंदाच्या झुडपामागे लपलेली मुलगी बाद कशी झाली? भिंतीवरून परावर्तन झालं की कोपऱ्यामागेही धप्पा बसतो आणि खिडकीच्या काचेतून हे किरण आरपार जातात, हे मला ठाऊक होतं. पण पानांचं मलाही नंतर सुचलं. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळतं, पण ७०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या प्रकाशात त्याला रस नसतो. पानावर पडलेल्या अशा किरणांचा जवळजवळ निम्मा भाग परावर्तित होतो आणि उरलेल्यातला बराचसा आरपार जातो. अवरक्त डोळ्यांना झाडं उजळ दिसतात ती यामुळेच, आणि इस्रोचे रिसोर्ससॅट उपग्रह याच फरकावरून हिरवी शेतं ओळखतात. घरी पडताळायचं तर टीव्हीच्या रिमोटच्या टोकावर जास्वंदाचं एक पान धरा. टीव्ही बहुतेक ऐकेल. मग दुसरं, तिसरं. किती पानांना तो ऐकेनासा होतो, ते मोजून ठेवा. सेल नवे घातल्यावर आकडा बदलतो का, तेही.