खनोम चीन
थायलंडमधील तांदळाच्या ओल्या शेवया व त्यांवर आमटीसारखे कालवण घालून होणारा पदार्थ. बाजारात व रस्त्याकडेच्या दुकानांत तो प्रामुख्याने सकाळी व दुपारी खाल्ला जातो.

नावातील ‘चीन’मुळे हा पदार्थ चिनी असल्याचा समज होतो, तो बहुधा चुकीचा आहे. आधुनिक थाई भाषेत ‘खनोम’ म्हणजे गोड खाऊ, आणि या शेवया गोड नसतात. त्यामुळे अनेक अभ्यासक हे नाव मोन भाषेतून (म्यानमार व थायलंडमधील मोन लोकांच्या भाषेतून) आल्याचे मानतात. त्यांच्या मते पहिला शब्द पिठाच्या शेवयांचा व दुसरा ‘शिजलेले’ या अर्थाचा आहे. काही जण ‘दोनदा शिजवलेले’ असाही अर्थ लावतात. या मताला कृतीचा आधार मिळतो. तांदूळ भिजवून काही दिवस आंबवतात, वाटतात व वजनाखाली दाबून पाणी काढतात. गोळा वरवर शिजवून कांडतात, मळतात आणि भोकांच्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडतात. म्हणजे पीठ खरोखरच दोनदा शिजते. कोकणातील शिरवाळ्यांतही उकडलेला गोळा शेवग्यातून (शेवया पाडण्याच्या साच्यातून) दाबतात. मात्र तेथे आंबवणे नसते व शेवया पुन्हा पाण्यात शिजवत नाहीत. या साम्यावरून संबंध जोडण्याचे कारण नाही.

पदार्थ चिनी नसल्याचा दुसरा पुरावा खाण्याच्या रीतीचा. तिओचिउ या चिनी बोलीतले नाव टिकवून असलेल्या ‘कुएतिआव’ शेवया थाई लोक चॉपस्टिकने खातात, तर खनोम चीन चमचा व काट्याने. कंबोडियातील ‘नुम बान्ह चोक’ व लाओसमधील ‘खाव पुन’ हे याचेच भाईबंद होत. ईशान्य थायलंडमध्येही ‘खाव पुन’ हेच नाव चालते. आयुथया प्रांतात खनोम चीन नावाचा कालवा आहे. पण केवळ त्यावरून पदार्थाचा काळ ठरवता येणार नाही.

आंबवलेल्या पिठाच्या शेवया किंचित तपकिरी, आंबूस व चिवट असतात आणि अधिक टिकतात. ताज्या पिठाच्या पांढऱ्या व मऊ. गार पाण्यात धुऊन हाताने त्यांच्या लडी वळतात. या लडीला ‘चप’ म्हणतात.

‘नाम या’ हे मुख्य कालवण. उकडलेल्या माशाचा (परंपरेने मरळ) गर गवती चहा, कुलिंजन व क्राचाई या कंदासह वाटून नारळाच्या दुधात शिजवतात. दक्षिणेत हळद व तिखट वाढते. उत्तरेच्या ‘नाम ङिआव’मध्ये टोमॅटो, डुकराचे रक्त व काटेसावरीची वाळलेली फुले पडतात, नाव फुलावरून की म्यानमारमधील शान लोकांच्या जुन्या थाई नावावरून, यावर एकमत नाही. फुलाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

दुकानात कालवणांची पातेली ओळीने मांडलेली असतात. गिऱ्हाईक एक निवडते व मेजावरील मोड, काकडी, चवळीच्या शेंगा, केळफूल, लोणच्यातली मोहरीची पाने हवी तशी घेते. लग्नात व पुण्यकर्मांतही खनोम चीन वाढतात. लांब शेवया दीर्घ सहवासाचे चिन्ह समजल्या जातात.