उतरलेलं वजन, उरलेली कातडी

120 किलोंचा माणूस दीड-दोन वर्षं नेटानं मेहनत करून 75 किलोंवर येतो. लग्नाच्या मांडवात भेटणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय भो, आजारी पडले होते का?’ गाल ओघळलेले, दंडाखाली कातडी लोंबलेली, ओटीपोटावर मोकळी घडी. घरातलं कुणीतरी दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतं. फोनवर जाहिराती सुरू होतात: कोलाजेनची क्रीम, पोटाला गुंडाळायचा पट्टा, ‘15 दिवसांत त्वचा घट्ट’. दृष्ट काढणं आणि पट्टा बांधणं, दोन्हींचा कातडीवर होणारा परिणाम सारखाच, म्हणजे शून्य. पट्ट्यानं घाम जातो, काट्यावर अर्धा किलो कमी दिसतो आणि तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे. कातडी म्हणजे रबर, ते ताणलं गेलं, आता काहीतरी चोळून ते आक्रसवायचं. पण लठ्ठपणात कातडी नुसती ताणली जात नाही, ती वाढते. पेशी विभागतात, नवे धागे विणले जातात, अंगावर खरोखर जास्तीचं कापड तयार होतं. एवढं समजलं की कोणता उपाय कुठपर्यंत पोचेल हे आपलं आपल्याला ताडता येतं.

हे कापड किती असेल? शरीराच्या पृष्ठभागाचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक सोपं सूत्र वापरतात: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले 3600, आणि येईल त्याचं वर्गमूळ. उंची 165 सेंटिमीटर धरली तर 120 किलोला साधारण 2.35 चौरस मीटर येतात, 75 किलोला 1.85. फरक अर्ध्या चौरस मीटरचा. आंघोळीचा मोठा टॉवेल मधोमध फाडला तर जेवढा तुकडा येईल, जवळजवळ तेवढा. यातला काही भाग शरीर स्वतःहून आवरून घेतं. सगळा घेत नाही.

का घेत नाही, ते पाहू. कातडीचा वरचा पापुद्रा पातळ असतो. खरी ताकद त्याच्या खालच्या थरात, अंतस्त्वचेत असते. तिची जाडी जागेनुसार 1 ते 4 मिलिमीटर. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलाजेन, आणि जेमतेम 2 ते 4 टक्के इलास्टिन. कोलाजेन सुतळीसारखं: ओढलं तर तुटत नाही, पण लांबतही नाही. इलास्टिन परकराच्या इलॅस्टिकसारखं: ताणलं तर जवळपास दुप्पट लांब होतं, सोडलं की मूळ जागी येतं. कातडीचा चिमटा सोडल्यावर ती परत बसते ती या मूठभर इलास्टिनच्या जोरावर.

इलास्टिन शरीर आयुष्यात बहुतांशी एकदाच बनवतं, आईच्या पोटात आणि लहानपणी. त्याचे सुटे रेणू चार-चार ठिकाणी एकमेकांना पक्के शिवले जातात आणि तो धागा पुढे साठ-सत्तर वर्षं टिकू शकतो. मोठेपणी तो तुटला तर शरीर त्या जागी धड नवा धागा बनवू शकत नाही. मांड्यांवर, पोटावर पडणारे पांढरे पट्टे म्हणजे अंतस्त्वचा आतून विरल्याच्या खुणा. गरोदरपणी पोट खाजवल्यानं ते पडतात ही समजूत घरोघरी आहे. नखांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. ताण, अंतःस्रावांचे बदल आणि आनुवंशिकता ही त्यांची कारणं.

आता कोलाजेन. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तीन साखळ्या वेणीसारख्या पिळून त्याचा रेणू तयार करतात. वेणी घट्ट राहायची तर साखळीतल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्व लागतं. वेण्या पेशीबाहेर आल्या की तांबं असलेलं दुसरं एक विकर, लायसिल ऑक्सिडेज, शेजारशेजारच्या वेण्यांना आडवे टाके घालतं. टाके पडलेलं हे विणकाम फार सावकाश बदलतं. कातडीतलं निम्मं कोलाजेन बदलायला सुमारे 15 वर्षं लागतात. ‘दोन आठवड्यांत कोलाजेन वाढवा’ हे वाचताना हा आकडा लक्षात ठेवावा.

आतून चरबी ढकलत राहिली की पेशींना ओढ जाणवते. पेशी भोवतालच्या धाग्यांना इंटिग्रिन नावाच्या हातांनी धरून बसलेल्या असतात. धागे ताणले की ते हात ओढले जातात, पेशीच्या आवरणातली कॅल्शियमची दारं उघडतात, वायएपी नावाचं प्रथिन पेशीकेंद्रात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू होतात. मग वरचा थर नव्या पेशी भरतो आणि खालचा थर नवे धागे अंथरतो. काही आठवड्यांनी ताण सैलावतो, कारण क्षेत्रफळच वाढलेलं असतं. वजन आणखी वाढलं की पुन्हा ओढ, पुन्हा वाढ. दहा-वीस वर्षं हेच चालू राहतं.

प्लास्टिक सर्जन हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. चार्ल्स न्यूमन यांनी 1957 साली तुटलेला कान पुन्हा घडवताना कातडीखाली रबरी फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला होता. 1976 साली चेडोमिर रॅडोव्हान यांनी सिलिकॉनचा फुगा वापरून स्तनाच्या पुनर्रचनेसाठी तीच रीत पुढे आणली. आज भाजल्याच्या व्रणाशेजारी, चांगल्या कातडीखाली असा फुगा बसवतात. दर आठवड्याला सुईनं थोडं सलाइन भरतात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी फुग्याच्या आकारानं वाढते, मग फुगा काढून ती व्रणाच्या जागी ओढून शिवतात. फुगा काढल्यावर कातडी थोडी आक्रसते, पण मूळ आकारावर जात नाही. गेली असती तर ही शस्त्रक्रिया जमलीच नसती. लठ्ठपणात चरबी त्या फुग्याच्या जागी असते, एवढंच. फरक पडतो तो काळानं: फुगा काही महिन्यांचा, लठ्ठपणा काही दशकांचा. एवढ्या काळात अंतस्त्वचा पातळ होते, कोलाजेनच्या जुड्या विस्कळीत होतात आणि इलास्टिनचे धागे जागोजागी तुटतात.

म्हणूनच पंचविशीत, दोन-तीन वर्षांच्या लठ्ठपणानंतर 15 किलो उतरवणाऱ्याची कातडी बरीचशी बसते. पन्नाशीत, वीस वर्षांनी 45 किलो उतरवणाऱ्याची बसत नाही. बिडी-सिगारेट आणि ऊन हे धागे आणखी लवकर झिजवतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीनं वजन उतरवण्याचा मोठा फायदा स्नायू टिकण्यात आहे. कातडी त्यानं हमखास बसेल असं कुणी सांगू नये.

उपायाआधी खात्री करा की लोंबतंय ती कातडीच आहे. उभं राहून बेंबीच्या बाजूला दोन बोटं अंतर सोडून अंगठा आणि तर्जनीनं चिमटा घ्या. मग तसाच चिमटा हाताच्या पाठीवर घ्या. तिथं चरबी जवळपास नसते, दुहेरी कातडीच हाताला लागते. पोटाची कातडी मुळातच थोडी जाड असते. तिथला चिमटा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ती बहुतेक नुसती कातडी. दोन सेंटिमीटर भरला तर आत चरबी अजून आहे, आणि ती व्यायाम-आहारानं कमी होऊ शकते. दुसरी तपासणी: पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, फक्त डोकं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबा. दोन किंवा जास्त बोटं आत बसत असतील तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दुरावले आहेत. बाळंतपणानंतर हे नेहमी दिसतं. तिथला फुगवटा कातडीचा नसतो. खोकल्यावर गोळी वर येत असेल तर हर्निया आहे का ते सर्जनला दाखवा.

कातडीखालची पोकळी स्नायूनं थोडी भरता येते, विशेषतः दंड, मांड्या, छाती आणि कुल्ल्यांवर. नुसतं चालून ते होत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, वजन उचलणं. प्रत्येक प्रकाराचे दोन-तीन सेट, सेटमध्ये 8 ते 12 वेळा, आणि शेवटच्या दोन वेळा जड जातील एवढा भार. ओटीपोटाच्या घडीवर याचा परिणाम कमीच होतो, कारण तिथं लोंबणाऱ्या कातडीखाली भरायला स्नायू नसतो.

सोबत प्रथिनं हवीत, किलोमागे रोज साधारण 1.2 ग्रॅम. 75 किलोंच्या माणसाला 90 ग्रॅम. दोन अंडी 12, 60 ग्रॅम तूरडाळ 13, दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी 15, अर्धा लिटर दूध 16, 50 ग्रॅम शेंगदाणे 12, 50 ग्रॅम सोयाबीन वड्या 25. झाले नव्वदच्या वर. आपल्याकडे खानदेशात कळण्याच्या भाकरीत उडीद आयताच असतो, ती उत्तम. शेवभाजीतलं बेसन मात्र तेलासकट पोटात जातं, आणि 50 ग्रॅम शेंगदाण्यांत 280 कॅलरी असतात. भाजीत कूट मुठीनं पडत असेल तर वरून शेंगदाणे खाऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. क जीवनसत्त्वासाठी केळ्यांवर भिस्त ठेवू नका: 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या घरात असतं, केळ्यात 10 सुद्धा नाही.

कोलाजेनच्या क्रीमचा हिशोब छोटा आहे. कातडीच्या वरच्या पापुद्र्यातून साधारण 500 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू आत शिरतात. कोलाजेनचा रेणू 3,00,000 डाल्टनचा. तो वर बसून ओलावा धरतो, कातडी तेवढ्यापुरती मऊ लागते. एरंडेल तेलही तेवढंच करतं आणि स्वस्त पडतं. उष्णता देणारी रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं खरंच काहीतरी करतात: 60 ते 65 अंशांना कोलाजेनची वेणी उकलते आणि धागा आखूड होतो, मटण शिजताना तुकडा आक्रसतो तसा, पुढच्या काही महिन्यांत थोडं नवं कोलाजेनही येतं. हनुवटीखालच्या किंचित सैलपणाला ते पुरेल. अर्ध्या टॉवेलाला पुरणार नाही.

घडीची काळजी ही आपल्या भागात चैन नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि पोटाच्या घडीत घाम दिवसभर मुरतो. कातडी भिजून पांढुरकी, मऊ होते, घासून सोलते, मग बुरशी शिरते. घडीत दडलेला करदोडा आणि परकराची घट्ट नाडी नेमक्या त्याच रेषेवर काचतात. करदोडा काही महिने काढून ठेवा; नाडीऐवजी रुंद पट्टी लावा. आंघोळीनंतर आडवं व्हा, घडी उचलून धरा, न चोळता टिपा आणि पंख्याखाली पाच मिनिटं वाळू द्या. मग मऊ जुन्या धोतराची घडी आत ठेवा आणि ओली झाली की बदला. पावडरीचा घामात चिखल होतो, ती नको. हळद-लिंबाचा लेप सोललेल्या जागेवर भाजल्यासारखा झोंबतो.

लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर सुटे लाल ठिपके दिसले तर बहुधा कॅन्डिडा बुरशी. 1 टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. बरं दिसल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरते आणि आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. चट्टा पुन्हा-पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासा. ताप, गरमपणा, पसरती लाली आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जास्तीचं कापड कापूनच कमी होतं. पोटावरची घडी नुसती काढणं, सोबत दुरावलेले स्नायू शिवणं, कंबरेभोवती पूर्ण फेरा घेणं, दंड किंवा मांड्यांची कातडी काढणं अशा वेगवेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. वजन निदान तीन ते सहा महिने स्थिर हवं. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती होऊन वर्ष-दीड वर्ष जाऊ द्यावं. तोवर कातडी स्वतःहून जेवढी बसायची तेवढी बसून गेलेली असते. आधी हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), बी-12 तपासा. प्रथिनं कमी असतील तर टाके उसवतात. सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का ते विचारायला लाजू नका.

जखम बिघडते ती बहुतेक मधोमध, ओटीपोटाच्या खालच्या भागात. पोटाची कातडी उचलताना खालून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या कापल्या जातात, मग तिला रक्त फक्त दोन्ही कुशींकडून येतं. मधला भाग सर्वांत लांब आणि ताणही तिथंच जास्त. त्यात निकोटिननं वाहिन्या आवळल्या की कातडी काळी पडते. तंबाखू निदान चार आठवडे आधीपासून बंद हवा. बिडी-सिगारेट पुरुष सांगतात, पण बायका मिश्री लावत असल्याचं सर्जनला सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, निकोटिन त्यातही आहे. हे नक्की सांगा.

नंतर आत पाणी साचतं, म्हणून नळ्या ठेवतात. 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी आलं की साधारणपणे काढतात. सहा आठवडे घट्ट पट्टा वापरावा लागतो, त्यामुळे शक्य असेल तर दिवाळीनंतरचे थंडीचे महिने निवडा. या सहा आठवड्यांत पाण्याचा हंडा उचलायचा नाही: तिसऱ्या आठवड्यात जखमेत मूळ कातडीच्या 30 टक्क्यांच्या आसपासच ताकद असते, तीन महिन्यांनी 80 टक्के. पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. नंदुरबारहून सुरत किंवा नाशिकला जाऊन शस्त्रक्रिया केली असेल तर परतताना दर तासाला गाडी थांबवून चार पावलं चाला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा एकाएकी धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.

एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत व्रण राहणारच. तो काही महिने लाल असतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तो कुठं येईल हे बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेआधी ठरतं. सर्जन पेनानं खुणा करतात त्या रुग्णाला उभं करून, कारण आडवं झाल्यावर कातडी कुशींकडे ओघळते आणि माप चुकतं. त्या वेळी रोजच्या वापरातला परकर किंवा पॅन्ट सोबत न्या, ती नेहमी जिथं बांधता तिथं बांधून दाखवा, आणि रेघ तिच्या खाली आखून घ्या.