‘एक्समस’मधली ती फुली

डिसेंबर लागला की भुसावळ-जळगावकडच्या आमच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: ‘एक्समस (ख्रिसमसचं आखूड रूप, Xmas) लिहू नका, ख्रिस्तावर फुली मारून त्याला सणातून काढायचा हा डाव आहे.’ मागच्या वर्षी एका काकांनी तर छापून आलेला फ्लेक्स परत पाठवला.

ती फुली नाहीच मुळी. ग्रीकमध्ये ख्रिस्त हा शब्द ‘खी’ या अक्षराने सुरू होतो आणि ते अक्षर फुलीसारखंच दिसतं. ‘खी’ आणि त्यापुढचं ‘ऱ्हो’ एकमेकांत गुंफून केलेलं ख्रिस्ताचं चिन्ह चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून रूढ आहे. इंग्रजीत सणाचं नाव असं आखडून लिहिणं 16व्या शतकातही होतं, म्हणजे आजच्या बाजाराच्या कितीतरी आधी.

आणि आपला ‘नाताळ’? तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, मूळ अर्थ जन्माचा. त्यात ख्रिस्ताचं नाव कुठंय? तरी त्यावर कुणी रुसत नाही!

काकांची तळमळ मात्र खोटी नाही. केक, स्टार, सांताची टोपी यांत येशूच्या जन्माची गव्हाण मागे पडते, हे दिसतंच. त्यांच्या घरच्या गव्हाणीत खरा ज्वारीचा कडबा असतो. चोवीसच्या रात्री नातवंडं बायबलमधल्या लूकचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूजन्माची गोष्ट वाचतात, मगच केक कापला जातो.