डिस्कचा दिवा लागला की अक्षरं गायब

सीरियल पोर्टवरून, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट घेणाऱ्या कॉम्प्युटरच्या जुन्या जोडणीवरून, येणारा मजकूर तुटक दिसला की पहिला आळ केबलवर येतो. माझ्या एका हौशी मित्राचंही तेच झालं. जुनं ४८६ प्रोसेसरचं मशीन, त्यावर नव्वदीच्या मध्यातली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिसरी केबल विकत आणून झालेली. केबल शनिवारी आणली म्हणून लाभत नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं; पिनांना सोन्याचा मुलामा नाही म्हणून, असं दुकानदाराचं. दोन्ही निदानांत मला फारसा फरक दिसला नाही. मी एवढंच विचारलं, अक्षरं बिघडतात की गायब होतात?

कारण हे दोन वेगळे रोग आहेत. तारेवर बिट एकामागून एक येतात आणि यूआर्ट नावाची चिप ते गोळा करून त्यांचा बाइट बांधते. पाठवणारा आणि घेणारा यांचं घड्याळ वेगवेगळं असतं. म्हणून प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट येतो. तो दिसला की चिप त्याच्या मध्यापर्यंत थांबते आणि मग प्रत्येक बिटाच्या मधोमध एकदा डोकावते. घड्याळांत पाचेक टक्क्यांहून जास्त फरक पडला किंवा तारेत गोंगाट शिरला, तर शेवटचे बिट चुकीचे वाचले जातात आणि पडद्यावर कचरा येतो. अशा वेळी केबल, अर्थिंग, बाउड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) जरूर तपासावेत.

मित्रानं १२३४५६७८९० पुन्हापुन्हा पाठवून पाहिलं. पोचायचं १२३४७८९०. कचरा अजिबात नाही; मधले दोन आकडेच नाहीत. आणि ते नेमके हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकला की जायचे.

इथे चोर तारेत नाही, घरात आहे. जुन्या ८२५० आणि १६४५० या चिपांत आलेला बाइट ठेवायला जागा एकच. दाराच्या कडीला दुधाची एकच पिशवी मावते, तसं. बाइट आला की चिप प्रोसेसरला हाक मारते, म्हणजे इंटरप्ट देते. प्रोसेसरनं तो उचलायच्या आत पुढचा आला, तर जुना पुसला जातो. याला ओव्हररन म्हणतात. ३८,४०० बाउडला, एका बाइटमागे १० बिट धरले, तर सेकंदाला ३,८४० बाइट येतात. म्हणजे उसंत साधारण २६० मायक्रोसेकंदांची.

तेवढ्यात प्रोसेसर कुठे अडकतो? डिस्कपाशी. त्या काळी आयडीई जातीच्या हार्ड डिस्कचा ५१२ बाइटांचा एक सेक्टर प्रोसेसर स्वतः, दोन-दोन बाइट करत, २५६ खेपांत उचलायचा, आणि तोवर डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, बाकी सगळे इंटरप्ट बंद ठेवायचा. गंमत अशी की १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सनं विद्यापीठाच्या युनिक्स मशीनशी मोडेमवरून बोलायला टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणारा प्रोग्रॅम, लिहिला, मग त्यातून फायली उतरवून ठेवायच्या म्हणून डिस्कचा ड्रायव्हर लिहिला, आणि त्यातून लिनक्स उभं राहिलं. भांडणारे दोघं, सीरियल पोर्ट आणि डिस्क, जन्मापासूनचे शेजारी!

‘फ्लो कंट्रोल लावा’, म्हणजे घाई झाली की पाठवणाऱ्याला थांबवा, हा सल्ला हमखास मिळतो. पण या चिपांत ‘थांब’ ही खूण सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरनं करायची असते, आणि तो तर इंटरप्टची वाट बघत दाराबाहेर ताटकळलेला.

खरा उपाय १६५५०ए ही चिप. हिच्या पोटात १६ बाइटांची रांग असते. ८ बाइट जमल्यावर हाक मारायला सांगितलं, तरी आणखी ८ ची जागा उरते, म्हणजे सुमारे दोन मिलिसेकंद. शेवटचं ‘ए’ मात्र बघून घ्यावं. आधीच्या साध्या १६५५० मधली रांग सदोष होती. ड्रायव्हर हे कसं ओळखतो तेही झकास आहे: रांग चालू करण्याची आज्ञा लिहायची आणि इंटरप्ट ओळख रजिस्टर या चिपमधल्या नोंदीच्या जागेचे वरचे दोन बिट वाचायचे. ११ आले तर १६५५०ए, १० आले तर सदोष १६५५०, ०० आले तर रांगच नाही. लिनक्सची सेटसीरियल ही आज्ञा हाच निकाल दाखवते.

दुसरा, फुकटातला उपाय मार्क लॉर्ड यांनी लिहिलेल्या एचडीपार्म या लिनक्सच्या डिस्क-प्रोग्रॅमचा: त्यातला ‘यू’ पर्याय डिस्कचं काम चालू असतानाही इंटरप्ट खुले ठेवतो. पण सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० हे डिस्क कंट्रोलर मुळातच सदोष. त्यांच्यावर हा प्रयोग केला तर अक्षरं वाचतील आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची सगळी मांडणी, जाऊ शकेल.

मित्राच्या कार्डावर १६४५० निघाली, नशिबानं सॉकेटमध्ये बसवलेली. चाळीस पायांची ती चिप स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचकटताना दोन पाय वाकले, पण तिचं काम संपलंच होतं. त्याच जागी १६५५०ए बसते. बसवली, आणि डिस्कवर मोठी फाइल कॉपी करत तासभर आकडे पाठवले. ५ आणि ६ जागच्या जागी. केबल त्यानं पहिलीच लावली होती.