तेरा बाकटुन आणि हातचा: माया दिनगणनेत प्रलय कुठून शिरला

मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात तोर्तुगेरो नावाचं माया संस्कृतीचं एक प्राचीन स्थळ आहे. तिथला एक कोरीव शिलालेख अभ्यासकांमध्ये 'स्मारक ६' म्हणून ओळखला जातो. सातव्या शतकातला हा लेख तिथल्या राजाबद्दल आणि त्याच्या एका वास्तूबद्दल आहे. शेवटाकडे काही ओळी भविष्यातल्या दिवसाबद्दल येतात: तेरावा बाकटुन (१,४४,००० दिवसांचा कालखंड) पूर्ण होईल, तो दिवस माया दिनगणनेत '४ अहाउ ३ कांकिन' असेल, आणि बोलोन योक्ते या देवाच्या संदर्भात काहीतरी घडेल. काय घडेल ते सांगणारी अक्षरं नेमकी तिथेच झिजली आणि फुटली आहेत. आपल्या कालगणनेत तो दिवस २१ डिसेंबर २०१२ ला येतो. त्या दिवशी जग बुडणार ही आवई ज्यांनी उठवली, त्यांना माया लेखनातून मिळालेला मुख्य आधार हाच. ग्वाटेमालातल्या ला कोरोना इथल्या दगडी पायऱ्यांवरही ती तारीख आहे, पण तो लेख युद्धात हरलेल्या, कालाकमुल या माया राज्याच्या राजाने इ.स. ६९६ मध्ये दिलेल्या भेटीचा आहे. दोन्हीकडे प्रलयाचा शब्दही नाही.

ही दिनगणना समजायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही. आपल्या ज्योतिर्गणितातला अहर्गण आठवावा: एका ठरलेल्या आरंभापासून किती दिवस गेले, त्याचा अखंड आकडा. माया लोकांनी हाच आकडा पाच कप्प्यांत मांडला. एक दिवस म्हणजे किन. २० किनांचा एक विनाल. १८ विनालांचा एक टुन, म्हणजे ३६० दिवस. २० टुनांचा काटुन, ७,२०० दिवसांचा. २० काटुनांचा बाकटुन, १,४४,००० दिवसांचा. ('बाकटुन' हा शब्द आधुनिक अभ्यासकांनी घडवलेला आहे, कोरीव लेखांत त्याला 'पिक' म्हणतात.) कप्पा भरला की तिथे शून्य ठेवायचं आणि हातचा पुढच्या कप्प्यात न्यायचा. लिहिताना ठिपका म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५. हस्तलिखितांत शून्यासाठी शिंपल्याचं चिन्ह येतं.

हिशेब करताना बहुतेकांची चूक विनालापाशी होते. बाकी सगळीकडे विसाचा पट आहे, तिथे मात्र अठराचा. तो विसाचा धरला तर एकाच टुनात ४० दिवस वाढतात आणि एका बाकटुनापर्यंत जाताना उत्तर सुमारे ४४ वर्षांनी घसरतं. दुसरी चूक, टुनाला ऋतूंचं वर्ष समजण्याची. ऋतूंसाठी त्यांच्याकडे ३६५ दिवसांचं वेगळं वर्ष होतं: विसा-विसाचे १८ महिने आणि शेवटी ५ दिवस. शिवाय १३ अंक आणि २० नावं यांच्या जोड्यांतून होणारं २६० दिवसांचं चक्र होतं. वार आणि तिथी जसे एकमेकांकडे न बघता आपापल्या गतीनं पुढे सरकतात, तशी ही चक्रं एकत्र चालत. '४ अहाउ' ही २६० मधली जागा, '३ कांकिन' ही ३६५ मधली.

गणनेचा आरंभ ११ ऑगस्ट इ.स.पू. ३११४ ला येतो. त्या दिवसाची नोंद १३.०.०.०.० (डावीकडून बाकटुन ते किन; पुढचा हिशेब मात्र शून्यापासून), '४ अहाउ ८ कुमकु' अशी करतात. या पद्धतीच्या सापडलेल्या सर्वांत जुन्या नोंदी मात्र इ.स.पू. पहिल्या शतकातल्या आहेत; मेक्सिकोतल्या चियापा दे कोर्सो इथली इ.स.पू. ३६ ची. म्हणजे आरंभ मागे मोजत जाऊन ठरवलेला आहे. आपल्या कलियुगाचा आरंभही, इ.स.पू. ३१०२, ज्योतिर्विदांनी गणितानं मागे जाऊन काढलेला आहे. दोन्ही तारखांत जेमतेम साडेअकरा वर्षांचं अंतर आहे. तो योगायोग आहे. त्यावर प्राचीन संपर्काचे इमले बांधू नयेत.

आपली कुठलीही तारीख माया पद्धतीत मांडता येते. खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो त्या तारखेचा ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांचा अखंड क्रमांक, घ्यायचा आणि त्यातून ५,८४,२८३ वजा करायचे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस घेऊ. १ मे १९६० चा ज्युलियन दिनांक २४,३७,०५६. वजाबाकी करून उरतात १८,५२,७७३ दिवस. त्यात १,४४,००० बारा वेळा जातात, बाकी १,२४,७७३. त्यात ७,२०० सतरा वेळा, बाकी २,३७३. ३६० सहा वेळा, बाकी २१३. वीस दहा वेळा, बाकी १३. उत्तर १२.१७.६.१०.१३, आणि दिवस '४ बेन १६ पोप'.

वजा करायचा हा आकडा गुडमन, मार्तिनेस आणि थॉम्पसन या अभ्यासकांच्या कामातून स्थिरावला. काहीजण ५,८४,२८५ धरतात, म्हणून २१ ऐवजी २३ डिसेंबर २०१२ ही तारीखही वाचायला मिळते. ग्वाटेमालातल्या तिकाल या प्राचीन माया शहराच्या मंदिरातल्या कोरीव लाकडी तुळईच्या कार्बन-१४ मापनानं २०१३ साली या जुळणीला भक्कम दुजोरा दिला. ती तुळई चिकूच्या लाकडाची आहे; चिकू मूळचा तिकडचाच.

आता तेरा बाकटुन. १३ गुणिले १,४४,००० म्हणजे १८,७२,००० दिवस, सुमारे ५,१२५ वर्षं. (३११४ आणि २०१२ यांची बेरीज ५,१२६ होते, कारण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही.) या आकड्याला २६० नं पूर्ण भाग जातो, म्हणून आरंभीचा '४ अहाउ' तेरा बाकटुनांनंतर जसाच्या तसा परत येतो. ३६५ नं भागलं तर २८० उरतात, म्हणून '८ कुमकु'च्या जागी '३ कांकिन' येतं. तोर्तुगेरोच्या लेखकाला भविष्य दिसण्याची गरजच नव्हती. त्याला भागाकार येत होता.

त्यांच्या लेखी काळ तिथे संपत होता का, याचं उत्तर पालेंके या माया शहरातल्या 'शिलालेखांचं मंदिर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत आहे, आणि या सगळ्या विषयात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथला राजा पाकाल याच्या राज्यारोहणाचा दिवस, ९.९.२.४.८, इ.स. ६१५ मधला. म्हणजे आरंभापासून १३,६१,६०८ दिवस. २६० आणि ३६५ ची चक्रं दर १८,९८० दिवसांनी, सुमारे ५२ वर्षांनी, पुन्हा जुळतात. पाकालच्या लेखकांनी अशा ८० फेऱ्या, म्हणजे १५,१८,४०० दिवस, पुढे मोजले. बेरीज २८,८०,००८. वीस बाकटुन म्हणजे बरोबर २८,८०,०००. राज्यारोहणाचा तो वर्धापनदिन विसावा बाकटुन भरल्यावर आठच दिवसांनी येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्या कालगणनेत तो दिवस २१ ऑक्टोबर ४७७२. तेराव्या बाकटुनाला जग संपणार असं मानणारा समाज राजाच्या स्मरणाची तारीख त्यापुढे २,७५९ वर्षांनी ठरवून दगडात कोरणार नाही.

मग प्रलय आला कुठून? मायकेल को या नामवंत माया अभ्यासकानं १९६६ साली, तेरावा बाकटुन संपताना विश्वाचा नाश होईल अशी माया धारणा असावी, असं सुचवलं. पुढे त्यात इतरांनी भर घातली. 'निबिरू' नावाच्या ग्रहाची टक्कर आधी मे २००३ ला होणार होती. ती झाली नाही तेव्हा तीच गोष्ट २०१२ ला जोडली गेली. डिसेंबरात धडकणारा ग्रह त्याआधी कितीतरी वर्षं हौशी दुर्बिणींतून दिसला असता आणि शेवटच्या महिन्यांत नुसत्या डोळ्यांनी. सूर्य आणि आकाशगंगेचं केंद्र एका रेषेत येणार, हाही दावा होता. सूर्य दर डिसेंबरात त्या दिशेजवळून जातोच, आणि अयनबिंदू (२१ डिसेंबरच्या सुमारास आकाशात सूर्य असतो ती जागा) आकाशगंगेच्या मध्यरेषेच्या सर्वांत जवळ आला तो १९९८ च्या सुमारास. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीतल्या अष्टग्रहीच्या वेळी हेच झालं होतं: ग्रह खरोखर एकत्र आले होते, होमहवनंही झाली, पण ज्याची भीती होती तो अनर्थ झाला नाही. या भीतीला हसण्यावारी नेऊ नये. नासाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांना २०१२ बद्दल घाबरून विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं होती.

त्याच वर्षी २३ जुलैला सूर्यातून एक अतिशय शक्तिशाली उद्रेक निघाला. पृथ्वी त्याच्या वाटेत नव्हती. तो 'स्टिरिओ-ए' या यानावरून गेला आणि यानानं त्याची मोजमापं घेतली. वीजजाळ्यांना आणि उपग्रहांना खरा धोका अशा उद्रेकांचा असतो, आणि त्यांची तारीख कुठलीही दिनदर्शिका सांगत नाही.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, मोमोस्तेनांगोसारख्या गावांत, २६० दिवसांचं चक्र मोजणारे 'अहकिह' आजही आहेत. पेरणीपासून नामकरणापर्यंत लोक त्यांना दिवस विचारतात. २१ डिसेंबर २०१२ ला तिकालला माया पुरोहितांनी पहाटे अग्नी पेटवून विधी केले. दुसऱ्या दिवशीची नोंद १३.०.०.०.१, '५ इमिश ४ कांकिन'. पुढचा बाकटुन २६ मार्च २४०७ ला भरेल.