तण उपटताना बोटांना लागलेला चीक

डँडेलियन नावाचं पिवळ्या फुलांचं तण मुळासकट उपटायचा प्रयत्न एकदा तरी करून बघा. पानांचा झुबका जमिनीला अगदी चिकटून बसलेला असतो, तो मुठीत धरून जोर लावला की कट्कन आवाज येतो आणि हातात येतात ती नुसती पानं, मुळी निम्म्यातच तुटून आत राहते आणि काही दिवसांनी त्याच जागी परत कोंब, कधी कधी तर एकाच्या जागी दोन-तीन. तुटलेल्या जागेतून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात आणि थोड्या वेळाने त्यावर तपकिरी डाग पडतात जे साबणानेसुद्धा चटकन जात नाहीत. बागकाम करणारी माणसं वैतागतात ती नेमकी याच गोष्टींना: खोल गेलेली मुळी, चीक, पानांचा कडूपणा, वाऱ्यावर उडत जाणारं बी. आणि मला या झाडाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यासाठी, की त्याचे जेवढे म्हणून उपयोग आहेत ते जवळपास सगळे या वैताग आणणाऱ्या गोष्टींतूनच निघालेत.

आधी मुळीचं बघू. डँडेलियनला गाजरासारखं सोटमूळ असतं आणि ते झाडाचं कोठार असतं. बहुतेक झाडं साठा करतात स्टार्चचा, हे करतं इन्युलिनचा. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज साखरेची लांब साखळी, ती तोडायला लागणारं एन्झाइम आपल्या पोटात नाही, त्यामुळे ती न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात. शरद ऋतूत, म्हणजे थंडी पडायच्या आधी, सुकवलेल्या मुळीत ४० टक्क्यांपर्यंत इन्युलिन सापडू शकतं आणि वसंतात नवी पानं फुटायला लागली की तेच इन्युलिन तुटून त्याची साखर होते, म्हणून एकाच झाडाची मुळी कधी खणली यावर तिची चव आणि गुण दोन्ही बदलतात. ही मुळी सुकवून, खरपूस भाजून, दळून कॉफीसारखी उकळून पितात, रंग आणि कडवटपणा बराचसा तसाच, कॅफिन मात्र अजिबात नाही. ज्यांना गॅसेसचा त्रास आहे त्यांनी जपून, कारण बॅक्टेरिया इन्युलिन खातात तेव्हा गॅस हा तयार होणारच.

पानं. त्यांच्या दातेरी कडांवरून फ्रेंच लोक याला 'डाँ द लिआँ' म्हणाले, म्हणजे सिंहाचा दात, त्याचंच इंग्रजीत डँडेलियन झालं. पण फ्रेंचमध्ये आज जास्त चालणारं नाव दुसरंच आहे, 'पिसाँली', आणि त्याचा सरळ अर्थ आहे 'अंथरुणात शू'. एवढ्या उघडपणे नाव पडलंय म्हणजे लघवी वाढण्याचा गुण लोकांना किती जुना माहीत असेल बघा. २००९ मध्ये १७ जणांना पानांचा अर्क देऊन हे मोजलं गेलं आणि पहिल्या डोसनंतर लघवीला जायचं प्रमाण खरंच वाढलं होतं. पण माणसं १७, दिवस एक, आणि तुलनेला वेगळा गटच नव्हता, तेव्हा यावरून लघवी वाढवणारी बीपीची गोळी बंद करून पानं खायला लागणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ आहे. 'लिव्हर साफ करतं', 'कॅन्सर बरा करतं' असे मेसेज फिरत असतात, त्यामागे जे काही आहे ते मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशींवरचं आणि उंदरांवरचं काम आहे, तिथून माणसापर्यंतचा रस्ता फार लांब असतो.

भाजी म्हणून मात्र ही पानं खरोखर सकस आहेत. १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि व्हिटॅमिन के तर जवळपास ७८० मायक्रोग्रॅम, जे मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या सहापटीहून जास्त आहे. आता हेच व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं, आणि वॉरफरिन नावाची रक्त पातळ ठेवणारी गोळी नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करते, त्यामुळे ती गोळी चालू असलेल्या माणसाने अचानक ही पानं भरपूर खायला सुरुवात केली तर गोळीचा असर कमी पडू शकतो. पित्ताशयात खडे असतील किंवा झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डँडेलियनच्या वाटेला जाऊ नये.

आता तो चीक. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे जो कोणी त्याला खायला येईल त्याच्यासाठी ते आतल्या आत रसायनं तयार करून ठेवतं. मातीत राहून मुळं कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना डँडेलियनच्या मुळीतल्या चिकाचा एक कडू घटक कसा नकोसा होतो हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, तो घटक जास्त असलेल्या झाडांची मुळं अळ्या कमी खातात. याच चिकात थोडं रबरही असतं. आपल्या नेहमीच्या डँडेलियनमध्ये ते नावापुरतंच, पण त्याचा एक भाऊबंद आहे, कोक-सागिझ, कझाकस्तानातल्या तिआन शान डोंगरांत सापडलेला, त्याच्या मुळीत टायर बनवण्याइतपत चांगलं रबर निघतं. सोव्हिएत युनियनने १९३०च्या दशकात त्याची शेती सुरू केली आणि दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या हातात गेल्यावर अमेरिकेनेही त्याची लागवड करून बघितली. युद्ध संपलं, रबराच्या झाडाचं स्वस्त रबर परत मिळायला लागलं आणि सगळे हा विषय विसरले. गेल्या काही वर्षांत तो परत वर आलाय, जर्मनीच्या काँटिनेंटल कंपनीने या डँडेलियनच्या रबरापासून सायकलचे टायर बाजारात आणलेत. जगाचं बहुतेक सगळं नैसर्गिक रबर एकाच जातीच्या झाडावर उभं आहे आणि त्या झाडावर मोठा रोग पडला तर हाताशी दुसरं काहीतरी हवं, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे काम चालू राहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि बी! फुंकर मारून आपण सगळ्यांनी कधी ना कधी ती म्हातारी उडवलेली असते. एका बीच्या छत्रीला जवळपास १०० बारीक केस असतात, म्हणजे छत्रीचा बहुतेक भाग रिकामाच, तरी ती तरंगते कशी? एडिनबरा विद्यापीठाच्या टीमने २०१८ मध्ये याचं उत्तर शोधलं. केसांच्या फटींतून वर जाणारी हवा छत्रीच्या थोडी वर एक गोल भोवरा तयार करते, छत्रीला न चिकटता वेगळा तरंगणारा, आणि त्या भोवऱ्यामुळे बीचा खाली पडायचा वेग कमी होतो. असा भोवरा टिकू शकतो हे आधी कोणी दाखवलेलं नव्हतं. पुढे २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात याच धर्तीवर बॅटरीशिवाय चालणारे सेन्सर बनवले, वजन साधारण ३० मिलिग्रॅम, ड्रोनमधून सोडले की वाऱ्याबरोबर १०० मीटरपर्यंत पसरतात आणि तिथलं तापमान, आर्द्रता कळवतात. (कपड्यांना चिकटणाऱ्या काट्यांमधून वेल्क्रो निघालं ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने कुत्र्याच्या केसांत अडकलेली बर्डॉक या रानटी झाडाची बोंडं मायक्रोस्कोपखाली बघितली, त्यावर बारीक आकडे दिसले, बाकीचं आज आपल्या बुटांवर आहे.)

चिकाबद्दल म्हटलं ते बऱ्याच तणांना लागू पडतं. मोकळ्या, उकरलेल्या जमिनीवर पटकन उगवून पटकन बी टाकणाऱ्या झाडांकडे जाड साल किंवा लाकूड बनवायला वेळच नसतो, मग ती थोडक्यात जास्त काम करणारी जहाल रसायनं बनवतात, आणि जे रसायन किड्याच्या शरीरात गडबड करतं ते मोजून-मापून घेतलं तर माणसाच्या शरीरात उपयोगाचं ठरू शकतं. २००१ मध्ये जॉन स्टेप आणि डॅनियल मोअरमन या संशोधकांनी मेक्सिकोतल्या माया लोकांच्या आणि उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या औषधी झाडांचा हिशोब मांडला तेव्हा त्यात तणांचं प्रमाण योगायोगाने असेल त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. औषध नेहमी घनदाट जंगलातच सापडतं असं आपल्याला वाटतं, ते अंगणात आणि बांधावरही तेवढंच असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे गॅलेगा. जांभळट फुलांचं, शेंगा येणारं झाड, मेंढ्यांना विषारी, अमेरिकेत आजही सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत. त्यातलं गॅलेजिन रक्तातली साखर कमी करतं हे कळल्यावर १९२०च्या दशकात ते डायबेटिसच्या पेशंटना देऊन बघितलं, पण फारच विषारी निघालं. त्याच सुमाराला, १९२२ मध्ये, डब्लिनच्या वर्नर आणि बेल यांनी त्याच रासायनिक घराण्यातलं एक सौम्य संयुग बनवलं होतं, ते बरीच वर्षं पडून राहिलं आणि शेवटी १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते डायबेटिसवर वापरून निष्कर्ष छापले. ते संयुग म्हणजे मेटफॉर्मिन! आज जगात टाइप २ डायबेटिससाठी सर्वात जास्त दिली जाणारी गोळी.

सदाफुलीचं उलटं झालं. भेगांमधून, भिंतींच्या कडेला कुठेही उगवणारी सदाफुली साखर कमी करते अशी समजूत होती, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क उंदरांना देऊन बघितला. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून सोडून दिलं असतं, यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणारा आजार तर ल्युकेमिया आहे. १९५८ मध्ये त्यांनी सदाफुलीतून काढलेल्या विनब्लास्टिन या औषधाबद्दल जाहीर केलं, मागोमाग विनक्रिस्टिन आलं, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही आहे. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. म्हणूनच कोणी 'शुगरसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावा' असं सांगितलं की मला काळजी वाटते, ती पानं पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधांचा कच्चा माल आहेत, आणि तोही न मोजलेला.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधात तर सगळा खेळ तापमानाचा होता. चीनच्या तू यूयू यांच्या टीमला आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या रानटी झाडाचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथात त्यांना वाचायला मिळालं की मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं! त्यांनी उकळणं बंद केलं, ३५ अंशांच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये उंदरांमधला मलेरिया त्या अर्काने पूर्ण गेला. २०१५ चं नोबेल त्यासाठी मिळालं.

रोजच्या ओळखीच्या तणांत घोळ माझी आवडती. १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम ओमेगा ३ फॅट, पालेभाजीसाठी हे खूपच झालं (मासळीतलं ओमेगा ३ वेगळ्या प्रकारचं, तेवढं लक्षात ठेवा). ऑक्सलेटही भरपूर, किडनी स्टोन झालेल्यांनी बेतानेच खावी. प्लँटेन नावाचं रुंद पानांचं तण, आपल्या इसबगोलाचं सख्खं भावंड, त्याचं पान चुरगळून किडा चावलेल्या जागी लावतात, त्यातल्या अ‍ॅलन्टॉइन नावाच्या घटकाने त्वचेची आग शमते असं मानतात.

यातलं काही तोडून खायचं असेल तर रस्त्याच्या कडेचं आणि फवारणी झालेल्या जागेचं मुळीच नको, तण मातीतलं शिसं आणि कॅडमियमही ओढून घेतं आणि ते धुतल्याने जात नाही. ओळख पक्की हवी. घोळ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, तिच्यासारखंच जमिनीवर पसरणारं दुधी नावाचं विषारी तण आहे (भाजीचा दुधी नव्हे). डँडेलियनचं नेमकं उलटं, तिथे चीक यायलाच हवा, शिवाय पानं सगळी जमिनीलगत, दांडा पोकळ, त्याला फांदी नाही, पान नाही, आणि एका दांड्यावर फूल एकच. दांड्याला फांद्या आणि दोन-चार फुलं दिसली तर ते दुसरंच काहीतरी आहे.

तो पोकळ दांडा टाकून देऊ नका, मुलं जवळ असतील तर नक्कीच नको. टोकाकडून उभे चार काप द्या आणि पाण्यात सोडा. एका मिनिटात चारही पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळून स्प्रिंगसारखी वेटोळी घालायला लागतात, कारण आतल्या मऊ पेशी पाणी पिऊन फुगतात आणि बाहेरची ताठ साल काही ताणली जात नाही. मग तीच वेटोळी दाट मिठाच्या पाण्यात टाका, पेशींमधलं पाणी बाहेर यायला लागतं आणि पट्ट्या हळूहळू परत सरळ होतात.